चार दिवसांचं तिकीट तीनवर आणलं तेव्हा: एका थीम पार्क सहलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शाळेला आठवडाभराची सुट्टी. जाणारी माणसं सहा: आई-वडील, ६८ वर्षांची आजी, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांचा धाकटा. मोठीला रोलर कोस्टरचं वेड. मधल्याला ताई जे करेल ते सगळं करायचं. धाकट्याला दुपारची झोप अजून लागायची. आजींना गुडघ्यांमुळे सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहणं जमत नव्हतं.

आदल्या वर्षी याच मंडळींनी एका छोट्या पार्कमध्ये एक दिवस घालवला होता. सकाळी नऊला आत, रात्री आठला बाहेर. अकरा तासांत सात राइड झाल्या. दुपारी चारच्या सुमारास धाकटा जमिनीवर लोळला, मोठी रुसली आणि मधला शेवटच्या रांगेत उभ्याउभ्या पेंगला. या वर्षी मोठ्या पार्कला जायचं ठरल्यावर आईची अट एकच होती: आरामात जायचं.

तरीही वडिलांनी पहिला आराखडा केला तो असा: सलग चार दिवस, रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ, ३४ राइडची रंगीत यादी, आणि पार्कपासून गाडीने ४० मिनिटांवरचं स्वस्त हॉटेल. एवढा खर्च करतोय तर पैसा वसूल झाला पाहिजे, हे त्यामागचं गणित.

अडचण नेमकी कुठे होती

आराखड्यात राइड मोजल्या होत्या, रांगा मोजल्या नव्हत्या. सुट्टीच्या आठवड्यात मधल्या लोकप्रियतेच्या राइडला सरासरी ४० मिनिटं धरली, तर ३४ राइडचे १,३६० मिनिटं होतात. म्हणजे चार दिवसांत जवळपास २३ तास नुसतं उभं राहणं. प्रत्यक्ष राइड तीन मिनिटांची धरली तर सगळी मिळून १०२ मिनिटं. हा हिशेब कागदावर मांडला तेव्हाच आराखडा पहिल्यांदा हलला.

दुसरी गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. लहान मुलांच्या राइडची रांग दिसायला छोटी असते, पण ती सरकते फार हळू. रोलर कोस्टरची गाडी २४ आसनांची असेल आणि दर ७५ सेकंदांनी एक सुटत असेल, तर तासाला १,१५२ माणसं जातात. गोल फिरणाऱ्या छोट्या राइडमध्ये दोघांच्या १६ गाड्या असतात, म्हणजे एका फेरीत ३२ जण. फेरी दीड मिनिटाची, पण मुलांना बसवणं, पट्टे तपासणं, रडणाऱ्याला उतरवणं यात आणखी अडीच मिनिटं जातात. तासाला फेऱ्या १५, माणसं ४८०. समोर २४० जण असतील तर कोस्टरला साडेबारा मिनिटं लागतात, इथे अर्धा तास. म्हणून ‘धाकट्याच्या राइड काय, दुपारी पटकन होतील’ हा अंदाज हमखास चुकतो. त्या सकाळीच उरकायच्या असतात.

तिसरी अडचण उंचीची. तिन्ही मुलं उंचीच्या तीन वेगवेगळ्या गटांत पडत होती. सहाच्या सहा जणांना एकत्र बसता येईल अशा राइड ३४ पैकी फक्त ११ होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मूळचाच: चार सलग दिवस, लांबचं हॉटेल.

दुसरा: दोनच दिवस, पण सगळ्यांसाठी रांग टाळणारे प्राधान्य पास. पूर्वी अशा सोयी काही ठिकाणी फुकट मिळत. डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत १९९९ मध्ये फास्टपास मोफत सुरू केला होता आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायचे पर्याय आणले. आता बहुतेक मोठ्या पार्कांत हा पास वेगळा विकत घ्यावा लागतो. सहा पासांचा खर्च तिकिटांच्या जवळ जात होता. शिवाय धाकट्याच्या एकाही आवडत्या राइडला पास लागू नव्हता.

तिसरा: पार्कचे तीन दिवस, पहिल्या दिवसानंतर एक रिकामा दिवस, दहा मिनिटं चालत पोचता येईल असं हॉटेल, आणि पास फक्त दोघांना, एकाच दिवसासाठी.

तिसरा पर्याय पहिल्यापेक्षा साधारण एक अष्टमांशाने महाग पडत होता. याचं कारण तिकिटांच्या रचनेत आहे. अनेक दिवसांच्या तिकिटात शेवटचा दिवस जवळजवळ फुकटात मिळाल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो वगळून फारशी बचत होत नाही. पण त्या ‘फुकट’ दिवसाबरोबर एका रात्रीचं हॉटेल, बाहेरचं जेवण आणि दमलेली मुलं येतात, हे तिकीटखिडकीवर दिसत नाही.

निर्णय फिरला तो हॉटेलच्या अंतरावर. गाडीने ४० मिनिटं म्हणजे जाऊन-येऊन ८०. त्यात वाहनतळ ते प्रवेशद्वार आणि परत येताना पुन्हा सुरक्षा तपासणी धरली, की दुपारी खोलीवर जाऊन येण्यात सव्वादोन तास निव्वळ प्रवासात जातात. मग कोणीच दुपारी परत जात नाही. स्वस्त हॉटेल घेताना दुपारची विश्रांती विकली जाते. कुटुंबाने जवळचं हॉटेल घेतलं, तिसरा पर्याय पक्का केला. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, असं आमचं मत.

निघण्यापूर्वीची तयारी

तीन आठवडे आधी प्रत्येक मुलाने दोन-दोन ‘हव्याच’ राइड निवडल्या. एकूण सहा. बाकीचं जे मिळेल ते वरकड. मोठीने मोठा कोस्टर आणि उंचावरून खाली सोडणारा मनोरा निवडला. मधल्याने १२० सेंटिमीटरची अट असलेला मध्यम कोस्टर आणि पाण्यातली नाव निवडली. धाकट्याला घोड्यांचं चक्र आणि छोटी आगगाडी हवी होती. वडिलांची रंगीत यादी घरीच राहिली, अर्थात थोड्या कुरकुरीनंतर.

अंधारातल्या राइडचे व्हिडिओ धाकट्याला आधी दाखवले. एक त्याने स्वतःच नाकारली. रांगेत ५० मिनिटं उभं राहून दारात रडण्यापेक्षा हे बरं.

हरवण्याची तयारी साधीच होती. रोज सकाळी निघताना तिन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो, धाकट्याच्या दंडावर पक्क्या शाईने फोन नंबर, आणि ‘चुकलास तर छातीवर नावाची पट्टी असलेल्या माणसाकडे जा’ ही सूचना. बूट घरचे, वापरलेले. नवे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात. बाबागाडी भाड्याने घेतली. चार वर्षांच्या मुलाला घरी तिची गरज नसते, पण इथे दिवसाला मोठ्यांची १५-१७ हजार पावलं होतात आणि त्याला त्याहून कितीतरी जास्त टाकावी लागतात.

पहिला दिवस: ‘एवढी एकच’

दार उघडण्याच्या ४५ मिनिटं आधी सगळे हजर. पहिल्या तासात घोड्यांचं चक्र, आगगाडी आणि आणखी दोन राइड झाल्या. इथपर्यंत उत्तम.

पहिली चूक मोठ्या कोस्टरवर झाली. वडील आणि मोठी रांगेत शिरले आणि ५० मिनिटांनी उतरले. आईलाही बसायचं होतं, पण तिला रांग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली असती. तिने नाद सोडला. बहुतेक मोठ्या पार्कांत यासाठी पालकांच्या अदलाबदलीची सोय असते. एक पालक लहानग्यापाशी थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला रांग न लावता आत सोडतात. बऱ्याच ठिकाणी त्याच्यासोबत एखाद्या मुलालाही पुन्हा बसू देतात. अट अशी की रांगेत शिरण्याआधी सगळ्यांनी मिळून दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. ठरलं होतं साडेबाराला बाहेर पडून खोलीवर जायचं आणि साडेचारला परत यायचं. सव्वाबाराला एका बंदिस्त राइडवर ३५ मिनिटांची पाटी दिसली. एवढी एकच करू, असं वडील म्हणाले. २५ मिनिटं झाली आणि राइड थांबली.

राइड थांबणं म्हणजे बिघाडच असतो असं नाही. कोस्टरसारख्या राइडचा रूळ टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकावेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी टप्पा सोडायला उशीर करते, किंवा एखादा सेन्सर चुकीचा संकेत देतो, तेव्हा मागच्या गाड्या आपोआप ब्रेकवर थांबतात. कधी हे पाच मिनिटांत सुटतं. पण मधे अडकलेल्या गाडीतून माणसांना उतरवून चालत आणायला सुरुवात झाली, की बराच वेळ गेला समजायचं. म्हणून विचारायचा प्रश्न ‘कधी सुरू होईल?’ हा नव्हे. त्याचं उत्तर कर्मचाऱ्यालाही माहीत नसतं. ‘माणसं उतरवताहेत का?’ हे विचारायचं, आणि उत्तर हो असेल तर रांग सोडायची.

इथे कोणीच विचारलं नाही. इतका वेळ उभे राहिलोच आहोत, या विचाराने मंडळी आणखी अर्धा तास उभी राहिली आणि शेवटी राइड न करताच बाहेर आली. तोवर जेवणाच्या सगळ्या खिडक्यांवर गर्दी होती. खोलीवर पोचायला अडीच वाजले, धाकट्याची झोपेची वेळ टळून गेली. तो झोपला तो चारला, आणि साडेपाचला उठवल्यावर तासभर कडेवरून उतरला नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एकूण १० ते १३ तास झोप लागते. सकाळी लवकर उठवलं असेल तर दुपारची झोप हा लाड नसतो, हिशेबाचा भाग असतो.

संध्याकाळी मधल्याच्या कोस्टरची पाळी. दिवस मावळताना रांग कमी होते म्हणून ती मुद्दाम मागे ठेवली होती. दारावर कर्मचाऱ्याने मापाची काठी लावली, ती केसांना घासून डोक्यावरून गेली. अट १२० ची, मुलगा अर्ध्या सेंटिमीटरने कमी. घरी सकाळी बुटांसह मोजला तेव्हा १२०.५ भरला होता. दोन्ही मापं खरी होती. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर फुगतात आणि दिवसभर उभं राहून, चालून दबतात. त्यामुळे सकाळची आणि संध्याकाळची उंची साधारण एक सेंटिमीटरने वेगळी असू शकते. मुलाला हे कोण समजावणार? तो रडला, आणि त्याच्यासमोर ताई आत गेली.

मधला रिकामा दिवस

उशिरा उठणं, पोहणं, दुपारी सगळ्यांची झोप. आजी आणि धाकटा खुशीत. मोठीला दुपारनंतर कंटाळा आला, कारण खिडकीतून तिला कोस्टर दिसत होता. एखादी छोटी ठरलेली गोष्ट तिच्यासाठी ठेवायला हवी होती. रिकामा दिवस चार वर्षांच्या मुलाला पुरतो, अकरा वर्षांच्या मुलीला पुरत नाही.

रात्री पालकांनी दोन नियम केले. पावणेबारानंतर कुठल्याही रांगेत शिरायचं नाही, पाटीवर पाच मिनिटं असली तरी. आणि जेवण अकराला व पाचला, म्हणजे खिडक्या रिकाम्या असताना.

तिसरा दिवस: उंची, पास आणि आतिषबाजी

आत शिरल्याबरोबर मधल्याला उंची मोजण्याच्या कक्षात नेलं. सकाळी तो १२० च्या रेषेला टेकला आणि उंचीची मनगटपट्टी मिळाली, जी त्या पार्कमध्ये दिवसभर चालत होती. पहिल्या दहा मिनिटांत तो कोस्टरवर होता.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. सकाळी मोजून घेणं ठीक. बुटात जाड तळवा घालणं, केसांचा बुचडा बांधणं किंवा टाचा उचलायला शिकवणं मात्र ठीक नाही. कर्मचाऱ्यांना हे प्रकार पाठ असतात. आणि उंचीची अट मांड्यांवर येणारी दांडी कोणत्या आकाराच्या शरीराला नीट धरून ठेवते यावर ठरलेली असते. जाड तळव्याने शरीर मोठं होत नाही.

या दिवशी अदलाबदलीची सोय दोनदा वापरली. आई आणि वडील दोघांनाही मोठा कोस्टर मिळाला, मोठीला दोनदा. साडेबाराला सगळे खोलीवर.

प्राधान्य पास आई आणि मोठीसाठी घेतले होते. सकाळी नऊ ते अकरा त्यांचा काहीच उपयोग झाला नाही, कारण रांगाच नव्हत्या. खरा उपयोग संध्याकाळी पाच ते साडेसातच्या मधे: ५५, ४० आणि ६० मिनिटांच्या तीन पाट्या, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांत पार. दोन तासांच्या आसपास वाचले. पैसे निम्मे वसूल झाले म्हणू. जे कुटुंब दार उघडताना पोचतं, त्याला पासाची गरज कमी. जे उशिरा उठतं, त्याने तो जरूर घ्यावा.

रात्रीची आतिषबाजी धाकट्याला झेपली नाही. पहिल्याच बाराला त्याने कान झाकले, तिसऱ्याला किंचाळला. आजी त्याला घेऊन एका दुकानात जाऊन बसल्या. कानावर बसवायची आवाजरोधक आवरणं आणायची राहिली होती. दारापाशी उभं राहून दुरून पाहिलं असतं तरी चाललं असतं: रंग तेच दिसतात, आवाज बराच कमी होतो, आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या पुढे राहता येतं.

शेवटचा दिवस: वीज

मोठीचा मनोरा अजून बाकी होता. तो दारापाशीच आहे, कधीही करता येईल, म्हणून शेवटावर ठेवलेला. साडेदहाला आभाळ भरून आलं, गडगडाट सुरू झाला आणि उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद झाल्या. विजेच्या बाबतीत शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर थांबू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. राइडच्या बाबतीत त्यानंतर रिकाम्या फेऱ्या घेऊन तपासणीही होते. मध्येच पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

सगळं पार्क बंदिस्त राइडकडे धावलं आणि वीस मिनिटांत तिथल्या पाट्या ९० वर गेल्या. कुटुंब उलट दिशेला, हजारेक आसनांच्या नाट्यगृहात गेलं. पावसात हाच पर्याय चांगला: एका दमात हजार माणसं आत जातात, बसायला मिळतं, अंग सुकतं. आजींनी तर दुसरा खेळही पाहिला. दोन वाजता मनोरा अजून बंदच होता. थांबायचं की निघायचं, यावर मोठीचं मत विचारलं. तिने पाच मिनिटं विचार करून ‘पोहायला जाऊ’ म्हटलं.

निष्पत्ती

सहापैकी पाच हव्याच राइड झाल्या. एकूण १९ राइड, मूळ यादीत ३४ होत्या. दुपारची विश्रांती तीनपैकी एका दिवशी ठरल्या वेळी झाली, पहिल्या दिवशी बिघडली आणि शेवटच्या दिवशी तिची वेळच आली नाही. मोठी रडारड दोनदा: पहिल्या दिवशी दुपारी आणि त्याच संध्याकाळी उंचीच्या काठीपाशी. खर्च अंदाजाच्या किंचित वर गेला, मुख्यतः शेवटच्या दिवशी घेतलेल्या सहा रेनकोटांमुळे. ते घरून नेले असते तर वजन अर्धा किलोही वाढलं नसतं.

पुन्हा करायचं झालं तर

उघड्यावरच्या हव्याच राइड पहिल्या दोन दिवसांत संपवाव्यात, दाराजवळच्या असल्या तरी. हवामानाने बंद पडू शकणारी गोष्ट शेवटावर ठेवणं ही या आराखड्यातली खरी खोट होती. मनोरा तिसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत झाला असता.

उंची सीमारेषेवर असेल, म्हणजे दोन सेंटिमीटरपेक्षा कमी फरकाने पास होत असेल, तर घरी ती राइड ‘नाही’मध्येच धरावी आणि मुलाला तसंच सांगावं. सकाळी मोजून मिळाली तर लॉटरी. मधल्याचा पहिल्या संध्याकाळचा अपमान एवढ्यानेच टळला असता. त्याला तो घरी परतल्यावरही आठवत होता, कोस्टर मिळाल्यानंतरसुद्धा.

आजींच्या तिकिटावर मात्र घरात अजून एकमत नाही. तीन दिवसांत त्यांनी चार राइड केल्या आणि दोन खेळ पाहिले. वडिलांच्या मते पुढच्या वेळी त्यांचं तिकीट दोनच दिवसांचं घ्यावं आणि उरलेल्या पैशांत चाकांची खुर्ची भाड्याने घ्यावी. आईचं म्हणणं वेगळं: आतिषबाजीच्या वेळी धाकट्याला घेऊन त्या बसल्या नसत्या, तर दोघांपैकी एकाला ती बघताच आली नसती. आजींना विचारलं तर त्या म्हणतात, खुर्ची घ्या, पण दिवस तीनच ठेवा.